'जनतेचा कौल' मतदानाआधी?

प्रश्न : नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खात होतो. दुकानातल्या टीव्हीवर पट्टी धावत होती, 'जनतेचा कौल अमक्या आघाडीला'. शेजारचा म्हणाला, "काहून भाऊ, मोजणी झाली काय?" मोजणी कुठली, मतदानच व्हायचं होतं! आकडा सर्वेक्षणाचा होता. त्याला 'कौल' म्हणतात का?

उत्तर : म्हणू नये. 'कौल' मूळचा अरबी. अर्थ शब्द, वचन. कौलनामा म्हणजे सरकारनं रयतेला लिहून दिलेलं अभय. कोकणात देवाला कौल लावतात, तोही मिळाला की पाळायचा असतो. म्हणजे कौल देणारा तरी बांधील, नाहीतर घेणारा तरी. सर्वेक्षणात हजारेक माणसं विचारल्यावर काहीतरी सांगतात, उद्या मत बदलतात. त्यातून निघतो तो अंदाज. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या. कौल ४ जूनला कळला : २९३.

आणखी एक : 'कौल'पेक्षा 'टक्का' जास्त फसवतो. ४० वरून ४४ वर गेलं की 'चार टक्के वाढ' छापतात. वाढ दहा टक्क्यांची (४० चे दहा टक्के ४), फरक चार टक्केबिंदूंचा, म्हणजे दोन टक्क्यांच्या वजाबाकीचा. 'टक्केबिंदू' हा शब्द अर्थखात्याच्या बातम्यांत दिसतो, निवडणुकीच्या बातम्यांत क्वचितच. शिवाय हजार माणसांच्या नमुन्यात प्रत्येक आकडा तीनेक टक्केबिंदू इकडेतिकडे होऊ शकतो. ४२ विरुद्ध ४० याला 'आघाडी' कसं म्हणणार? त्यात आलेखाचा खांब शून्याऐवजी ३८ पासून काढला की ४२ चा खांब ४० च्या दुप्पट उंच! आकडा खरा, चित्र खोटं.

आणि मतांचा टक्का म्हणजे जागा नव्हेत. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्केबिंदूचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७.

प्रश्नकर्ता : मग 'कल' चालेल?

उत्तर : चालेल, कल म्हणजे झुकणं. पण मोजणीच्या सकाळी येतात ते 'कल' मोजलेल्या मतांचे असतात. तो घोळ टाळायचा तर 'अंदाज'च बरा.

एक जण : मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. मथळ्यात जागा नसते हो. 'कौल' दोन अक्षरांत बसतो.

उत्तर : 'अंदाज' तीन अक्षरांत.