बेळगावात परभाषेतला सिनेमा दाखवायचाय, कुठला दाखवू?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बारा जणांनी टिळकवाडीत महिन्यातनं एका रविवारी परभाषेतले सिनेमे दाखवायला सुरुवात केलीय. ओळखीच्यांच्या क्लासचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, पडदा म्हणून घरातली पांढरी चादर. पहिल्या खेळाला चाळीस खुर्च्या कमी पडल्या. तिसऱ्या खेळाला अकरा माणसं, त्यातले सात आम्हीच.

चूक माझी. पहिलाच सिनेमा मी निवडला, तीन तासांचा रशियन, मला स्वतःला फार आवडणारा. सबटायटल इंग्रजी. आमचे एक निवृत्त काका चष्मा पुसून परत घालेपर्यंत दोन वाक्यं निघून जायची. मध्यंतरात चहाला म्हणून गेलेले निम्मे लोक परत आलेच नाहीत.

येणारे सगळ्या तऱ्हेचे आहेत. मराठी शाळेतले, कानडी शाळेतले, घरी कोकणी बोलणारे, कॅम्पातले उर्दूवाले दोघे. इंग्रजी बहुतेकांना येतं, पण पळत्या इंग्रजीमागं पळायची हौस कुणालाच नाही. पाच-सहा नावं सुचवा. दोन तासांच्या आतले असतील तर उत्तम.

अनगोळचा पिंट्या
आधी बिनभाषेचा दाखवा की ओ! 'द रेड बलून', फ्रेंच, १९५६. एक पोरगा आणि त्याच्या मागनं पॅरिसभर फिरणारा लाल फुगा. ३४ मिनिटं, बोलणं जवळपास नाहीच. आणि तरी त्याला मूळ पटकथेचं ऑस्कर. पोराबाळांना घेऊन या म्हणून सांगा, चाळीस खुर्च्या परत भरतील.

खानापूरची बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी आमच्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना अब्बास किआरोस्तामीचा १९८७ चा इराणी सिनेमा दाखवला, 'खाने-ये दूस्त कोजास्त', म्हणजे मित्राचं घर कुठं आहे. गोष्ट एवढीशीच. वर्गमित्राची वही चुकून आपल्याकडं आलीय. उद्या गृहपाठ त्या वहीत नसला तर गुरुजी त्याला शाळेतनं काढणार. म्हणून पोरगं वही घेऊन शेजारच्या गावी पळतं आणि मित्राचं घर काही गावत नाही. ८३ मिनिटं.

खरी मजा भाषेची. नावातच बघा, दोस्त आपलाच, आणि खाना म्हणजे दवाखान्या-कारखान्यातला खाना. वहीला फारसीत म्हणतात 'दफ्तर'. आमच्या वर्गातला एक उठून म्हणाला, "बाई, हा दप्तर म्हणतोय आणि हातात तर वही हाय की!" मग मी सिनेमा थांबवून सांगितलं की हा शब्द तिकडनंच आपल्याकडं आलाय, येताना वहीची पिशवी झाला. त्यानंतर पोरांचं सबटायटलकडं लक्षच नाही, सगळी कान देऊन ओळखीचे शब्द वेचायला लागली. कानडी घरातली दोन पोरं होती, त्यांनाही दोस्त, दवाखाना सापडले. तुमचे उर्दूवाले दोघे तर त्या दिवशी राजे असतील.

आणखी एक. त्यात आजोबा स्वतःजवळ सिगारेट असून नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, पोराला वळण लागावं म्हणून. यावर पालक आधी हसले, मग जरा गप्प झाले.

काळा कोट
बाईंना सूट आहे, टिळकवाडीकरांना नाही. शाळेनं शाळेच्या कामात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरता सिनेमा दाखवला तर कायद्याला चालतं. तुम्ही बाहेरच्यांना बोलावताय. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा मोबाइलमधलं ओटीटीचं खातं प्रोजेक्टरला जोडलं की परवानगीचा प्रश्न आला.

सुटका जुन्यात आहे. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५० च्या दशकातलं सगळं मोकळं झालं. पिंट्याचा फुगा बसतो, बाईंचा इराणी नाही बसत, त्यासाठी हक्क असलेल्यांना पत्र लिहा. आणि सबटायटल म्हणजे भाषांतर, त्याचा हक्क वेगळा. ते स्वतः केलेलं बरं.

फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजचे सदस्य व्हायचंही बघा. १९५९ ची संस्था आहे, सत्यजित राय पहिले अध्यक्ष. वकिलातींकडून आलेले सिनेमे सदस्य सोसायट्यांत फिरतात, तिथं कागदपत्रांची काळजी आपल्याला नसते.

चोर्ल्यातनं पणजी
२००४ ला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आल्यापासून मी घाट उतरून जातोय, त्या हक्कानं बोलतो. सोपं सोपं दाखवून प्रेक्षक तयार होत नाहीत. 'नो मॅन्स लँड' लावा, बोस्नियाचा, २००१. 'लगान'च्या वर्षी परभाषी ऑस्कर ह्यानंच नेलं. युद्धातल्या खंदकात दोन्ही बाजूंचे दोघं सैनिक अडकलेत, तिसरा सुरुंगावर पडून आहे, हलला की सगळे जाणार. दोघांना एकमेकांची भाषा नीट कळते आणि भांडण आहे ते आहेच. आपल्या भागात हा नाही दाखवायचा तर कुठं?

खानापूरची बाई
दाखवा की, पण पहिल्या वर्षी नको. खेळ संपल्यावर जी चर्चा होईल ती सिनेमाची राहणार नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत की कानडीत, यावर येईल. इंग्रजी सबटायटल कुणाच्याच घरचं नसतं, म्हणून आत्ता सगळे एका हॉलमध्ये बसतायत तेवढं टिकवा.

निपाणीकर
माझं मत दोघांच्या मधलं. दोन तासांची अट सोडा. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू', १९५२, १४३ मिनिटं, आणि आमच्याकडं एक माणूस उठला नाही. कारण सांगतो. सुरुवातीलाच वस्तीतल्या बाया घाण पाणी तुंबल्याची तक्रार घेऊन कचेरीत येतात, तिथं पोरांना खेळायला जागा करा म्हणतात. ह्या खात्यातनं त्या खात्यात, ह्या खिडकीतनं त्या खिडकीत, फिरून पहिल्याच खिडकीशी. उताऱ्यासाठी चकरा मारलेल्या माणसाला ह्याचं सबटायटल लागतंय होय? पुढं त्याच कचेरीतला एक साहेब, पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळल्यावर काय करतो ते बघा. सांगत नाही.

तीन तास कुणाला जड जात नाहीत ओ. आपलं काही दिसत नसलं की जड जातात.

'बायसिकल थीव्ज'ही त्यातलाच. इटालियन, १९४८, दीड तासाच्या आत. सायकल असेल तरच नोकरी, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बापाचं काम करणारा मुळात कारखान्यातला कामगार होता, नट नव्हे. विड्या वळणाऱ्या घरातल्या बाया आमच्याकडं बघायला आल्या होत्या. चादरींच्या गाठोड्याला त्यांनी जो सुस्कारा सोडला तो अजून कानात आहे.

शहापूरचा सबटायटलवाला
निपाणीकरांना +१. सबटायटल स्वतः करायचं असेल तर अनुभवाचे बोल. सबटायटलची फाईल असते एसआरटी नावाच्या प्रकारची, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी-कानडी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. एक ओळ मराठी, खाली एक कानडी, असं करा. म्हणजे भाषांतर कापावं लागतं, आणि कापणं हेच खरं काम. बाप पोरावर ओरडतो तेव्हा "चल" पुरतं, अख्खं वाक्य लागत नाही. कानडीची ओळ कानडी घरातल्याकडूनच करून घ्या, गुगलला विचारून लाज जाते. अक्षर पिवळं ठेवा आणि काळी कड द्या. 'इकिरू'त बर्फ पडतो, पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही.

टिळकवाडीकर
वा, मंडळी. पुढच्या रविवारी फुगा, लागूनच सायकल. दोन्ही मिळून दोन तास पाच मिनिटांच्या आत बसतात. 'इकिरू' श्रावणात. इराणीसाठी पत्र लिहायला घेतो, बाई, त्या दिवशी दप्तराची गोष्ट सांगायला तुम्ही यायचं. बोस्निया पुढच्या वर्षी, आणि प्रास्ताविक चोर्लेवाल्यांनीच करायचं, मराठीत दोन मिनिटं, कानडीत दोन मिनिटं.

चोर्ल्यातनं पणजी
कानडीत दोन मिनिटं म्हणजे मला वर्षभर तयारी लागेल. चालेल.

अनगोळचा पिंट्या
मी येतोय, घरची तीन पोरं घेऊन. तेवढी चादर इस्त्री करून आणा ओ. गेल्या खेपेला हिरॉइनच्या नाकावर घडी होती.