बजेट कमी आहे, आरएक्स-८ घेऊ की एमएक्स-५?

प्रश्न: सेकंडहँड जपानी स्पोर्ट्स कार घ्यायचीये पण बजेट टाइट आहे. माझदा आरएक्स-८ फारच स्वस्तात मिळतीये आणि ९००० आरपीएमपर्यंत जाणारं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत त्रिकोणी रोटर फिरतो ते) म्हटलं की जीव अडकतो, माझदाचीच छोटी ओपन-टॉप एमएक्स-५ पण मनात आहे. काय करू?

उत्तर १: ती स्वस्त का मिळते ते आधी बघ. रोटरच्या टोकांवरचे एपेक्स सील झिजले की कॉम्प्रेशन (इंजिनच्या आतला दाब) जातं, मग इंजिन रीबिल्डच. कॉम्प्रेशन टेस्ट रोटरीसाठीच्या खास टेस्टरनेच करून घे, आणि इंजिन चांगलं गरम झालं की बंद करून लगेच परत स्टार्ट कर, नुसता स्टार्टर फिरत राहिला तर तिथूनच मागे फीर.

उत्तर २: +१. शिवाय ते इंजिन ऑइल जाळतंच, बनवलंच तसंय, त्यामुळे डिपस्टिक सारखी बघायला लागते. एमएक्स-५ घे रे, पॉवर कमी पण वळणावर काय मजा येते! फक्त दाराखालचे सिल (बॉडीच्या कडेचे पत्रे) गंजलेत का ते खाली वाकून बघ.

उत्तर ३: कुठलीही घे पण स्टॉक (कंपनीतून आली तशी, मॉडिफाय न केलेली) घे, सर्व्हिसची बिलं असलेली, आणि टायर-क्लचसाठी पैसे बाजूला ठेवच.