ओनो नो कोमाचीच्या 'शापित म्हातारपणाची' गोष्ट आता पुरे

निशिगंध (मूळ धागा)

जपानमध्ये गावातल्या सर्वांत देखण्या मुलीला त्या गावची 'कोमाची' म्हणतात. आकिताकडच्या प्रसिद्ध तांदळाला तिचं नाव, तिकडे धावणाऱ्या शिंकानसेनलाही (बुलेट ट्रेनलाही) तिचंच. नाव इतकं घरोघरी पोचलंय, आणि कविता? त्या फार थोडे लोक वाचतात.

नवव्या शतकातली ही हेइआन (आजचं क्योतो) दरबारातली कवयित्री. साधारण ९०५ साली बादशहाच्या आज्ञेने 'कोकिनशू' हा वीस खंडांचा संग्रह तयार झाला, त्यात तिच्या १८ कविता आहेत. तिची खरी ओळख तेवढीच. बाकी सगळं मागाहून रचलेलं. ती म्हणे गर्विष्ठ होती. फुकाकुसाच्या सरदाराला तिने सांगितलं, शंभर रात्री माझ्या दाराशी ये. तो नव्याण्णव रात्री आला आणि शंभरावी उजाडण्याआधीच मेला. मग त्याची शिक्षा म्हणून ही म्हातारी, भिकारीण, वेडी झाली. सुंदर बाईचं प्रेत कसं फुगतं, कुजतं, कुत्री कशी ओढतात हे नऊ पायऱ्यांत दाखवणारी चित्रं आहेत, त्यांनाही तिचंच नाव चिकटवलं.

मला याचा मनापासून राग येतो. कवितांत हा गर्व कुठे आहे? 'कोकिनशू'तल्या प्रेमकवितांचा दुसरा खंड तिच्याच तीन कवितांनी उघडतो. पहिलीत ती म्हणते: त्याचाच विचार करत डोळा लागला म्हणून तो दिसला का? स्वप्न आहे हे कळतं तर जागीच झाले नसते. तिसरीत ओढ अगदी असह्य होते तेव्हा ती रात्रीचं वस्त्र उलटं करून घालते. तसं निजलं की आपलं माणूस स्वप्नात येतं अशी समजूत होती. काळोखात, एकटीने, ते वस्त्र उलटं करणारे हात डोळ्यांसमोर आणा. ही बाई कुणाला शंभर रात्री ताटकळत ठेवेल?

आडवाट

राग समजतो, पण सगळ्या दंतकथा एकाच गाठोड्यात बांधू नका. चौदाव्या शतकात कान'आमीचं 'सोतोबा कोमाची' हे नो (जपानची जुनी संगीत-नृत्याची शैली) नाटक आलं. सोतोबा म्हणजे आपला स्तूपच, शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलाय. थकलेली म्हातारी कोमाची पडलेल्या सोतोबावर बसलेली असते. कोया पर्वतावरचे भिक्षू तिला दटावतात, पवित्र वस्तूवर बसतेस? ती त्यांच्याशी धर्मावर वाद घालते, त्यांच्याच शास्त्राने त्यांना निरुत्तर करते, आणि ते भिक्षू तिच्यापुढे डोकं जमिनीला टेकतात. शंभर वर्षांच्या भिकारणीपुढे! याला तुम्ही शिक्षा म्हणणार?

निशिगंध

तो प्रसंग मलाही फार आवडतो. पण नाटक तिथे संपत नाही ना. त्यानंतर त्याच सरदाराचं भूत तिच्या अंगात येतं आणि ती त्याच्या आवाजात त्याच्या नव्याण्णव रात्री मोजते. वादात जिंकलेल्या बाईचा आवाज शेवटी त्यालाच मिळाला. मला तेच खुपतं.

दवबिंदू

सुरुवात नाटकाच्याही आधी झालीय. 'कोकिनशू'च्या प्रस्तावनेत त्याचा एक संपादक, कवी की नो त्सुरायुकी, तिच्याबद्दल लिहितो: कविता हेलावून टाकणारी, पण जोर नाही, आजारी पडलेल्या सुंदर स्त्रीसारखी, बाईची कविता म्हणून तसं असावं. आता त्याच संग्रहातली ही कविता बघा. चंद्र नसलेल्या रात्री भेटीची वाट नाही, ती जागीच, छातीत ठिणग्या उडतायत, काळीज जळतंय. मुळात 'ओमोइ'मध्ये (म्हणजे ओढ, जुन्या लेखनात 'ओमोहि') 'हि' म्हणजे आग लपलीय, आणि 'ओकि'चा अर्थ 'जागं राहणं' तसा 'निखारा'ही. जोर नाही म्हणे! आणि ही कविता ठेवलीय कुठे? प्रेमाच्या खंडांत नाही, एकोणिसाव्या खंडात, 'हाइकाई' म्हणजे चाकोरीबाहेरच्या कवितांत.

आडवाट

त्या प्रस्तावनेत त्सुरायुकीने सहा कवींबद्दल लिहिलंय आणि सहाही जणांना टोचलंय, एकटीला नाही. नारिहिराला म्हणतो भाव फार, शब्द अपुरे, कोमेजून रंग गेलेल्या पण गंध उरलेल्या फुलासारखा. यासुहिदे म्हणजे भारी कपडे घातलेला व्यापारी. कुरोनुशी म्हणजे मोळी पाठीवर घेऊन फुलांखाली टेकलेला डोंगरातला माणूस.

दवबिंदू

बरोबर. पण पाच पुरुषांच्या दोषाचं कारण 'पुरुष आहे म्हणून' असं कुठे लिहिलंय?

पाणवठा

निशिगंध, तुमच्या बाजूने असूनही एक सांगतो. 'वस्त्र उलटं करणारी बाई गर्विष्ठ कशी असेल' म्हणताना तुम्हीही कवितेतून चरित्रच काढताय. दंतकथा रचणाऱ्यांनी तेच केलं.

यासुहिदेची मिकावा प्रांतात नेमणूक झाली तेव्हा त्याने तिला विचारलं, येतेस का प्रांत बघायला? तिचं उत्तर: दुःखी मी, मूळ तुटलेलं पाणगवत, बोलावणारं पाणी असेल तर वाहत जाईन म्हणते. 'उकि' म्हणजे दुःखीही आणि तरंगणारंही. आता हे खरं दुःख, की मित्राच्या पत्राला दिलेलं चतुर उत्तर? मला दोन्ही ऐकू येतं, आणि दोन्ही राहू द्यावं असं वाटतं.

तीच गत तिच्या सर्वांत गाजलेल्या कवितेची, जी पुढे कवी तेइकाने 'ह्याकुनिन इश्शू'त (शंभर कवींची प्रत्येकी एक कविता असलेल्या संग्रहात) नववी म्हणून घेतली. 'फुलांचा रंग उडाला' म्हणजे तिचं रूप गेलं, असं सगळे सांगतात. पण संपादकांनी ती वसंताच्या खंडात ठेवली होती. आधी ती खरीच फुलं आहेत, खऱ्याच पावसात भिजलेली. 'नागामे' म्हणजे लांबलेला पाऊस आणि एकटक बघत विचारात बुडणंही. 'फुरु' म्हणजे पाऊस पडणं आणि वय सरणंही. मी असं करून बघितलं:

रंग उडाला फुलांचा, वाया गेला,
मी आपली बाहेर बघत विचारात
दिवस काढत राहिले,
आणि झड लागलेली.

निशिगंध

चरित्राचा मुद्दा मान्य, ते वाक्य मागे घेते. राग मात्र मागे घेत नाही.

आणि 'झड' काय सापडलीय तुम्हाला! पाऊसही झडीचा, फुलंही झडतात. पण 'दिवस काढत राहिले'मध्ये वय सरत नाही. तिसऱ्या ओळीत 'दिवस झडले' घेतलं तर?

पाणवठा

घेतलं. मग चौथीतली 'झड' तशीच ठेवतो, दोनदा ऐकू येऊ दे.