रेडिओग्राफीचं पहिलं वर्ष: फिजिक्स जमत नाही, घरचे रेडिएशनला घाबरतात

नवी_टेक
नमस्कार. रेडिओग्राफीचं पहिलं वर्ष चालू आहे. ॲनाटॉमी आवडते, पण फिजिक्स डोक्यावरून जातं, एक्स-रे मशीनवर केव्ही कधी वाढवायचा आणि एमएएस कधी हे पाठ करते आणि पेपर झाला की विसरते. आता क्लिनिकल पोस्टिंग सुरू होणार, सीनिअर म्हणतात मशीनच सगळं ठरवतं, फिजिक्स एवढं मनावर घेऊ नको. खरंय का? आणि घरचे सारखे विचारतात की आयुष्यभर रेडिएशनमध्येच काम करणार का, पुढे मूलबाळ होताना काही झालं तर? मलाही थोडी धाकधूक आहेच.

जुना_हात
मशीन सगळं ठरवतं हे अजिबात ऐकू नकोस. फिल्म होती तेव्हा एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी यायची, लगेच कळायचं. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर सावरून घेतं, इमेज मस्त दिसते आणि पेशंटला विनाकारण जास्त डोस गेलाय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कमी पडला तर मात्र इमेज दाणेदार येते आणि बोलणी बसतात, म्हणून लोक हळूहळू वाढवतच नेतात. प्रत्येक इमेजनंतर एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर (इमेज टिपणाऱ्या प्लेटवर) किती किरण पोचले ते सांगणारा आकडा, बघायची सवय आत्ताच लाव.
केव्ही म्हणजे किरणांची आरपार जायची ताकद आणि एमएएस म्हणजे किती किरण सोडले, एवढं पक्कं धर. केव्ही 15 टक्के वाढवला तर डिटेक्टरवर साधारण एमएएस दुप्पट केल्याइतका परिणाम होतो, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, उतरतो. चेस्टला 110-120 च्या आसपास केव्ही ठेवतात कारण बरगड्या फिक्या पडून मागचं फुफ्फुस दिसायला हवं, हाताला 50-55 पुरतो कारण तिथे हाडाचीच बारीक रचना बघायची असते. असं कारण लावून वाचलंस की पाठ करावं लागत नाही.

शिसेदार
घरच्यांना पहिलं हे सांग की एक्स्पोजर थांबलं की किरण थांबतात, खोलीत काही उरत नाही. आपल्याला मिळतो तो बहुतेक पेशंटच्या अंगावरून विखुरलेला स्कॅटर, आणि अंतर दुप्पट केलं की तो चौथाईवर येतो, म्हणून पोर्टेबलला (वॉर्डात नेऊन काढायच्या एक्स-रेला) बटणाची कॉर्ड पूर्ण ताणून लांब उभं राहायचं. आयसीआरपी या किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची आपल्यासारख्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे. काचेमागे उभं राहून साधे एक्स-रे काढणाऱ्याचं रीडिंग त्याच्या खूप खाली असतं, जास्त सांभाळायचं ते सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) आणि कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात). प्रेग्नन्सी कळली की लगेच विभागात सांगायचं, बाळासाठी पुढच्या काळात 1 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा असते आणि ड्युटी त्याप्रमाणे बदलतात. डोस मोजणारा बॅज रोज लाव, शिशाचा ॲप्रन घडी करून ठेवू नकोस, आतल्या शिशाला भेगा पडतात. आणि हलणाऱ्या पेशंटला धरायला दरवेळी तूच पुढे होऊ नकोस.

हाडवैद्य_नाही
फिजिक्स येईल गं, पण पोस्टिंगमध्ये खरा कस लागतो पोझिशनिंगचा. चेस्ट पीए, म्हणजे पाठीकडून किरण सोडून काढलेला छातीचा एक्स-रे, उदाहरणाला घे. हनुवटी वर, हात कमरेवर उलटे, खांदे पुढे लोटायचे म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसावरून बाजूला सरकतात, पूर्ण श्वास आत घेऊन धरायला सांगायचं आणि त्या वेळी नजर पेशंटच्या छातीवर ठेवायची, बटणावर नाही. नंतर इमेजवर दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघ, नसतील तर पेशंट फिरलेला होता. आणि मागच्या बरगड्या मोज, दहा दिसल्या तर श्वास नीट घेतलाय.
दुखणाऱ्या हाताला मात्र जबरदस्तीने वळवायचं नाही, ट्यूब फिरव. मी तर म्हणेन पहिल्या दिवसात मशीनपेक्षा चांगल्या सीनिअरचे हात बघ, आणि म्हातारी माणसं टेबलावर चढताना तो त्यांच्याशी कसं बोलतो तेही बघ.

नवी_टेक
खूप खूप आभार, आज सगळं घरी वाचून दाखवते. अजून एक, उजव्या-डाव्याचा मार्कर नंतर कॉम्प्युटरवर टाकला तर चालतो का?

जुना_हात
नको. शिशाचा मार्कर एक्स्पोजरच्या वेळीच, पेशंट समोर असताना लावायचा. इमेज चुकून उलटी झाली तर तोही उलटा दिसतो आणि लगेच समजतं, कॉम्प्युटरवर टाकलेलं अक्षर मात्र चुकीच्या बाजूलाही सरळच दिसतं. एखाद्याचं हृदय खरंच उजवीकडे असतं, तेव्हा त्या मार्करशिवाय भरवसा ठेवायला दुसरं काहीच नसतं.