कासव महोत्सव बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे चारला किनाऱ्यावर यावं

खाडीकाठ :
परवा एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणणं असं, की कोकणातले कासव महोत्सव, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्रात जाताना पर्यटकांना दाखवतात ते, ही पिल्लांची सर्कस, होमस्टेवाल्यांनी कासवांच्या नावावर दुकान मांडलंय, किनारे बंद करा, निसर्ग आपलं आपण बघून घेईल. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस.

माझं घर मंडणगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. होमस्टे आहे, म्हणजे दुकानदारांपैकीच मी एक. माझ्या लहानपणी रात्री कासवीण वर चढली की सकाळी खड्डा रिकामा असायचा. निम्मी अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री. निसर्ग तेव्हाही आपलं आपण बघतच होता. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आमच्याच तालुक्यातल्या वेळासला आली, गावाशी बोलली, आणि २००६ साली पहिला महोत्सव झाला. तोवर कासव बघायला पैसे मोजून कोणी येईल हे आमच्याकडे कोणाला खरं वाटलं नसतं.

राखण म्हणजे काय ते सांगतो. कासवीण शंभर-सव्वाशे अंडी घालून वाळू सारखी करते आणि जाते, परत फिरकत नाही. पहाटे आमचा पोरगा तिच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा शोधत किनारा चालतो. खुणा संपतात तिथे काठी हलकेच टोचून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघतो. अंडी काही तासांच्या आत उचलायची आणि आहेत तशीच, न फिरवता. उशिरा उचललं आणि अंडं उलटंपालटं झालं तर आतला जीव गेला. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढाच खोल, तसाच सुरईसारखा खड्डा करायचा. मग दीड-दोन महिने रोज फेऱ्या, पिल्लं यायची वेळ झाली की वर टोपली. मानधन असतं, कधी हातात पडतं ते विचारू नका. गावात हंगामाला चार पैसे येतात म्हणून गाव कासवाला आपलं म्हणतं. ते बंद करा, मग बघू किती निसर्गप्रेमी वाळू तुडवायला येतात.

दुर्बीणवाला :
ती पोस्ट माझी. आणि सर्कसच म्हणणार.

मार्चमध्ये एका किनाऱ्यावर होतो, गाव सांगत नाही. दोरीच्या अलीकडे गर्दी इतकी की वाळू दिसेना. टोपली उचलली, पिल्लं सोडली, तर शेजारचे गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन सरळ दोरीच्या आत. स्वयंसेवक घसा फोडून ओरडतोय, ह्यांचा फ्लॅश चालूच. मागून एक बाई म्हणाल्या, ‘एवढीशीच? कालच्या व्हिडिओत किती होती!’ रात्री मागच्या रिसॉर्टचे झगझगीत दिवे थेट पुळणीवर. पिल्लू उजेडाकडे चालतं आणि मादी उजेड बघून माघारी फिरते, हे काय मी नव्याने सांगायला हवं?

आणि हॅचरीचं एवढं कौतुक नको. वाळू गरम राहिली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर जास्त. सगळी घरटी एकाच उघड्या कुंपणात मांडली की नर किती, माद्या किती हे आपण ठरवायला लागतो. म्हणून तर घरटं जागच्या जागी राखा असं आता सांगितलं जातं. पण मग रविवारच्या गर्दीला दाखवायचं काय? तुमची खरी अडचण ती आहे.

खाडीकाठ :
जागच्या जागी राखून बघितलंय हो. वर जाळी ठोकली, कुत्र्यांनी कडेने उकरलं. भरतीच्या रेषेखाली घातलेलं घरटं उधाणात जातं, ते हलवायलाच लागतं. पुण्यातून वाळूचं तापमान सांगणं सोपं आहे.

दिव्यांचं मान्य. आमच्या गावाने हंगामात समुद्राकडचे दिवे बंद केलेत, रिसॉर्टवाला गावचा नाही आणि ऐकत नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये सुरूच्या झाडांच्या लागवडीचा एक शब्द नाही. ऐन पुळणीवर सुरू कोणी लावला? धूप थांबवायला दगडी बंधारे कोणी घातले? कासवीण येते, दगडाला थडकते, परत जाते. तिथे ना होमस्टे ना महोत्सव, म्हणजे तुमच्या हिशेबाने तिथे सगळं छानच चाललं असणार! २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. अख्खा दक्षिण भारत वळसा घालून. तिला आम्ही सर्कशीचं तिकीट पाठवलं नव्हतं.

साधा_पर्यटक :
दोघांच्या मध्ये पडतो. आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच पिल्लू. पोरं खूश, मेव्हणे मात्र घरमालकाकडे पैसे परत मागायला निघाले. त्या माणसाने शांतपणे सांगितलं, ‘कासव माझ्या पगारावर नाही.’ मेव्हणे अजून ती गोष्ट चिडून सांगतात. दोष गावांचा कमी, आमच्यासारख्यांचा जास्त. मात्र त्या किनाऱ्यावर बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह नव्हतं, तेवढं बघा.

सड्यावरची :
सगळ्यांचे डोळे कासवांवर. जुलैतल्या कुठल्याही शनिवारी रात्री आंबोलीला या. मी तिथे लोकांना रान दाखवते, त्यामुळे पोट माझंही ह्याच्यावरच आहे. जगात आंबोली परिसराबाहेर जवळपास कुठेच न सापडणारा भेक आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाच्या पहिल्या सरींना बाहेर येतो, आणि कॅमेरेवाले आडवे पडून बघतात ते फक्त फ्रेम. पायाखाली काय आलं त्याचा पत्ता नाही. चापडा साप झुडपात गप बसलेला, त्याला काठीने ‘चांगल्या’ फांदीवर घेतात. एकदा एकाला हटकलं तर म्हणे, मॅडम, आम्ही कॉन्झर्वेशनसाठीच फोटो काढतो!

इथल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमातल्या माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं तेव्हा बरं वाटलं. पण लोक धबधब्याखाली भिजणार, घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर घालणार आणि घरी जाऊन ‘इकोटुरिझम’ लिहिणार. बंदी नको, पण माणसं मोजून सोडा, आणि वाटाड्या स्थानिक हवाच.

माडाखालचो :
होय गो बाय, वेफर घालतत ते आणि भोगतंव आमी. माज्या माडांवर यंदा वांदरांनी एक शहाळा ठेवल्यानी नाय.

शुद्ध मराठीत सांगतो, नाहीतर पुणेकर मत मांडायचे थांबतील. लाल तोंडाची केलडी कच्चा हापूस तोडतात, एक चावा, टाकला, दुसरा. वानर मोहोर ओरबाडतात. पडवळ, भोपळा, केळी लावणं आमच्या वाडीने सोडून दिलंय, आता भाजी बाजारातून येते. कासवाच्या घरट्याला टोपली आणि पहारेकरी, माझ्या बागेला कोण? नुकसानभरपाईला गेलो तर विचारतात, माकडाचा फोटो आहे का. शेतसंरक्षणाची बंदूक आहे, पण निवडणूक आली की ती ठाण्यात जमा, आणि आपल्याकडे निवडणुका काय कमी येतात? माकडांना आचारसंहिता नसते.

दुर्बीणवाला :
म्हणजे आता माकडं मारा. आलात मूळ मुद्द्यावर.

माडाखालचो :
मारा कोण म्हणालं? एक हंगाम माझ्या बागेत गलोल घेऊन उभा राहा, सकाळी सहा ते दिवस मावळेपर्यंत. जेवायला मी घालीन. मग बोल.

साधा_पर्यटक :
आमच्या काकांची रत्नागिरीजवळ बाग आहे. त्यांनी पाइपची कार्बाइडची तोफ आणली. पहिले आठ दिवस माकडं पळाली, आता आवाज झाला की वर बघतात आणि खात राहतात. कुत्रा मात्र घर सोडून गेला.

सड्यावरची :
हसू नका, हा प्रश्न कासवांपेक्षा मोठा आहे. सह्याद्रीच्या उतारावरचं रान बरंचसं खासगी मालकीचं. डोंगरच्या डोंगर साफ होतात, वर काजू लागतो, दोडामार्गाकडे रबर. उंबर, जांभूळ, किंजळ गेले की माकडाने खायचं काय आणि धनेश पक्ष्याने घरटं कुठल्या ढोलीत करायचं? पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल २०११चा. त्यानंतर दुसरी समिती, मग पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे, सहावा २०२४ला आला. मसुदे वाचत बसायला झाडं थांबत नाहीत. हिमाचलात माकडांची नसबंदी किती वर्षं चालली आहे, आणि तिथले शेतकरीही ओरडतातच.

माडाखालचो :
माझ्या डोंगरावर मी काजू लावला. पोरीचं शिक्षण त्यावर झालं, धनेशावर नाही. जंगल राखायचं तर त्याचे पैसे मला कोण देणार, एवढंच सांग.

सड्यावरची :
तेच तर! खाडीकाठच्या गावाला कासव राखायचे पैसे मिळतात म्हणून ते राखलं जातं. तुमच्या ढोलीच्या झाडाला कोणी भाडं देत नाही.

खाडीकाठ :
चला, फिरून फिरून माझंच म्हणणं बाहेर आलं. धन्यवाद, माकडांनो.

दुर्बीणवाला :
एवढं खूश व्हायला नको. राखणीला पैसा लागतो हे मी कधी नाकारलं? तो गर्दीतूनच यावा का, हा माझा प्रश्न आहे. रोज पन्नासच माणसं, आधी नावनोंदणी, दोरीच्या आत पाय टाकला की दंड, पुळणीवर दिवा दिसला तर रिसॉर्टचा परवाना रद्द. हे केलंत तर ‘बंद करा’ हे शब्द काढतो. सर्कस राहू दे, त्या दिवशी मी जे बघितलं ते बघितलं.

खाडीकाठ :
पन्नासात तुमचं नाव पहिलं लिहून घेतो. दंडाची पावती कोण फाडणार? आम्ही फाडली तर ‘गाववाले लुटतात’ अशी पुढची पोस्ट तुमचीच यायची.

माडाखालचो :
धागो वांदरांचो होतो, परत कासवार न्हेलात.