मदत हवी आहे: रांगू लागलेले बाळ, लहान घर आणि दोन मांजरे

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात वन बीएचके सदनिकेत राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, सात महिन्यांची मुलगी आणि दोन मांजरे आहेत. मनी सहा वर्षांची आहे आणि तिचा मुलगा गुंड्या पाच वर्षांचा. दोघांचीही नसबंदी झालेली आहे, लसीकरण आणि जंतांचे औषध वेळच्या वेळी होते आणि दोघेही घराबाहेर जात नाहीत. मुलगी आता सरकत सरकत त्यांच्या मागे जाऊ लागली आहे आणि तेव्हापासून “मांजरे कुणाला तरी देऊन टाका” हा घरातला रोजचा विषय झाला आहे. काही ठरवण्यापूर्वी ज्यांनी लहान मूल आणि मांजर एकाच घरात सांभाळले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

हा विषय पहिल्यांदा निघाला तो मी गरोदर असताना, टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या (एका परजीवीमुळे होणारा, गर्भातल्या बाळाला अपाय करू शकणारा आजार) भीतीने. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण केवळ या आजाराचे नाव ऐकून मांजरे घराबाहेर काढलेली कुटुंबे माझ्या ओळखीत आहेत. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो हे खरेच आहे. मात्र मांजराला त्याची लागण बहुधा कच्चे मांस, उंदीर किंवा पक्षी खाल्ल्याने होते, पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडेच ते परजीवी विष्ठेतून बाहेर टाकते आणि बाहेर पडलेल्या परजीवीला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे घरातच राहणाऱ्या आणि कोरडे किंवा शिजवलेले अन्न खाणाऱ्या मांजराचा लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केला, तर धोका फारच थोडा उरतो. माझ्या डॉक्टरांनी अर्धेकच्चे मटण आणि नीट न धुतलेल्या पालेभाज्या यांबद्दलच अधिक बजावले होते. लिटर बॉक्सचे काम नवऱ्याने घेतले, ते आजतागायत त्याच्याकडेच आहे (आणि ते परत मागण्याची मला घाई नाही).

आता सासूबाईंची मुख्य भीती अशी आहे की मांजराचा केस बाळाच्या पोटात गेला की दमा लागतो. केसांचा मुद्दा तितकासा बरोबर नाही. अ‍ॅलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे, आणि मांजर घरातून गेल्यावरही ते प्रथिन गाद्या-सोफ्यांमध्ये काही महिने टिकून राहते. पण नवऱ्याला लहानपणी दमा होता, त्यामुळे त्यांची काळजी मी उडवून लावू शकत नाही. मुलीला आजवर धाप, सततची सर्दी किंवा पुरळ असे काहीही झालेले नाही आणि बालरोगतज्ज्ञांनी तूर्त लक्ष ठेवायला सांगितले आहे. ती झोपते त्या खोलीत मांजरांना रात्री प्रवेश नाही.

खरी अडचण गुंड्याची आहे. मुलगी रडू लागली की तो पलंगाखाली जाऊन बसतो, तिने शेपूट धरली की फिसकारतो, आणि अलीकडे त्याने बाळाच्या कपड्यांवर लघवी करायला सुरुवात केली आहे. नर मांजरात मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका असतो आणि लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, म्हणून आधी तपासणी करून घेतली. संसर्ग किंवा खडे निघाले नाहीत. हा ताणाचा परिणाम आहे असे पशुवैद्यांचे मत पडले. जितकी मांजरे त्याहून एक जास्त लिटर बॉक्स, बाळाचा हात पोहोचणार नाही अशी उंच जागा आणि दोघांच्या जेवणाच्या वेगळ्या जागा, असे उपाय त्यांनी सुचवले. उपाय पटतात, पण आमच्या घरात तिसरा लिटर बॉक्स ठेवायचा तर तो थेट स्वयंपाकघरातच येतो.

नवऱ्याचे मत आहे की दोघांना गावी शेतावर पाठवावे, तिथे उंदीर खाऊन मजेत राहतील. मला हे पटत नाही. आयुष्यभर गादीवर झोपलेले मांजर मोकाट कुत्र्यांपुढे किती दिवस तग धरणार? शेजारच्या एका काकांनी तर “पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून या” असेही सुचवले. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते हसले.

ज्यांच्याकडे एवढ्याच जागेत मूल आणि मांजरे आहेत, त्यांनी लिटर बॉक्स नेमके कुठे ठेवले? भिंतीवरच्या फळ्या किंवा दारातले बेबी गेट यांचा खरोखर उपयोग झाला का, की मांजर गेटवरून उडी मारून पुन्हा बाळापाशीच येते? ताणामुळे बाहेर लघवी करणारा बोका कुणाचा सुधारला असेल, तर त्याला साधारण किती काळ लागला? पालकांपैकी एकाला दमा असताना कुणी मांजर ठेवले असेल, तर मुलाची अ‍ॅलर्जीची चाचणी कोणत्या वयात करून घेतली?

एवढे करूनही द्यायचीच वेळ आली, तर मोठ्या वयाची मांजरे घेणारे घर कसे शोधावे, हेही सांगा. सगळ्यांना पिल्लेच हवी असतात. खिडक्यांना जाळी आहे का हे मी पाहीनच, त्याखेरीज काय विचारावे? आणि फक्त गुंड्याला पाठवून मनीला ठेवले, तर तिच्यावर त्याचा कितपत परिणाम होईल? जन्मापासून तो तिच्याजवळच आहे.