कोप्रिव्श्तित्सा : सोफियाहून एका दिवसात की एक रात्र मुक्काम?

पाचपाखाडीकर
नमस्कार. सप्टेंबरअखेर मी माझ्या ६८ वर्षांच्या आईला घेऊन बल्गेरियाला जाणार आहे. सोफियातल्या चार दिवसांतून कोप्रिव्श्तित्सा या डोंगरातल्या जुन्या गावासाठी वेळ काढायचा आहे. ठाण्यात आईचे बालपण ज्या वाड्यात गेले, तिथे आता सात मजली इमारत उभी आहे, आणि म्हणूनच लाकडी घरांचे हे गाव पाहायचा हट्ट माझ्यापेक्षा तिचाच अधिक आहे. मात्र तिचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे, की तिथे राहावे?

नेरुळवासी
मुक्काम करा. गाव सोफियापासून सुमारे ११० किलोमीटरवर, स्रेदना गोरा पर्वतात हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. आगगाडी जाते, पण स्टेशन गावापासून सुमारे ९ किलोमीटर दूर आहे आणि पुढचा प्रवास बसने करावा लागतो. आम्ही गाडीतून उतरून फोटो काढत रेंगाळलो आणि तेवढ्यात समोरची बस निघून गेली, तेव्हा तुम्ही आधी बसमध्ये बसा. काही संग्रहालय-घरे सोमवारी आणि काही मंगळवारी बंद असतात, म्हणून बुधवार किंवा त्यानंतरचा दिवस निवडावा. सप्टेंबरअखेर रात्री चांगलीच थंडी पडते, त्यामुळे स्वेटर हाताशी असू द्या.

घोडबंदरचा प्रवासी
माझे मत थोडे वेगळे आहे. सोबत ज्येष्ठ व्यक्ती असेल तर सोफियाहून सरळ मोटार ठरवावी आणि दिवसभरात जाऊन यावे. गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत, त्यामुळे जाड तळव्याचे बूट घातल्याशिवाय गुडघ्यांचे हाल होतात. जेवणाची चिंता नको. काकडी, दही, लसूण आणि शेपू घातलेले तारातोर हे थंड सूप आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचे पातळ भावंडच आहे (अक्रोडही असतात), शिवाय चीज भरलेली बानित्सा मिळते. घेवड्याचे सूप मागवताना मात्र त्यात मांस नाही ना, हे विचारून घ्या, आणि उत्तर कानाने ऐका, कारण तिथे ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतात. आमच्या सौभाग्यवतींनी त्यामुळे दोन वेळा चांगले जेवण परत पाठवले.

वास्तुवेडी, खारघर
वरील दोघांनी घरांबद्दल काहीच लिहिले नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते. गुरांचा व्यापार आणि लोकरी मालाची देवघेव यांतून १९व्या शतकात इथले व्यापारी श्रीमंत झाले, आणि तो पैसा घरांत उतरला. रस्त्यावरून उंच दगडी भिंत आणि जड लाकडी दरवाजा एवढेच दिसते, जसे आपल्या वाड्याचे बाहेरून दिसते. फरक असा, की आपला वाडा आतल्या चौकाभोवती उभा राहतो, तर इथे चौक घराच्या पुढे अंगण म्हणून येतो आणि घराच्या मध्यभागी छपराखालचा दिवाणखाना असतो, ज्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या जवळजवळ आरशातल्याप्रमाणे मांडलेल्या असतात. १८४५ सालचे काब्लेश्कोव्ह घर आणि १८५०च्या दशकातले ओस्लेकोव्ह घर ही दोन शांतपणे पाहा. ओस्लेकोव्ह घराच्या दर्शनी भिंतीवर परदेशी शहरांची चित्रे रंगवलेली आहेत, पण खरी गंमत मान वर केल्यावर कळते, कारण लाकडी छतावरच्या कोरीव कामात एकही रेघ घाईने ओढलेली नाही.

एप्रिल १८७६ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्धच्या उठावाची पहिली गोळी याच गावात, एका लहानशा पुलाजवळ झाडली गेली. काब्लेश्कोव्ह हा त्या उठावाचा एक पुढारी होता, त्यामुळे त्याचे घर पाहून पुलावर गेले तर क्रम चांगला जुळतो. आणि चर्चच्या आवारात दिम्चो देबेल्यानोव्ह या कवीची समाधी आहे. तो १९१६ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्या समाधीवर वाट पाहत बसलेल्या आईचे शिल्प आहे. तिथे बसायला थोडा वेळ ठेवा.

घरांतले जिने चढे आहेत, म्हणून सहा घरे धावत पाहण्यापेक्षा दोनच पाहा. मुक्काम केलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी, सहलीच्या बसगाड्या येण्यापूर्वी, दोन तास निवांत मिळतात.

पाचपाखाडीकर
सर्वांचे आभार. आईला हे सगळे वाचून दाखवले. समाधीचा मजकूर तिने पुन्हा वाचायला लावला. मोटार ठरवून जाऊ, बुधवारी एक रात्र राहू, आणि घरे दोनच पाहू. जिना चढायचा की नाही हे ती तिथे गेल्यावर ठरवणार आहे. अंगणात बसायला मिळाले तरी पुरे, असे म्हणते.